शेवटचे दहा मीटर

सुट्टीत मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्यात उतरून आलेले लोक आता आपल्या छत्रपती संभाजीनगरातही भेटतात. तिथे पर्यटकांना नेतात ते थोड्याच मीटरवर, तेही हात धरून. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं पठार आहे, तिथली गोष्ट वेगळी. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर. किनारा नजरेत नाही. वर यायचं ते होडीकडेच.

वर्गात विचारून पाहा, पाणबुड्याला धोका जास्त कुठे? बहुतेक मुलं ‘तळाशी’ म्हणतील. आता हिशेब करू. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे तीस मीटरवर एकूण दाब चार वातावरणं. तिथे पाणबुड्यानं छातीत सहा लिटर हवा भरून घेतली आणि श्वास रोखून तो वर निघाला, तर बॉइलच्या नियमानं वीस मीटरवर त्या हवेला आठ लिटर जागा लागेल, दहा मीटरवर बारा आणि पृष्ठभागावर चोवीस! पहिल्या वीस मीटरांत सहा लिटरची वाढ, शेवटच्या दहांत बारा लिटरची. फुप्फुसं फाटतील. म्हणून वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा पाणबुड्यांचा पहिला धडा.

दुसरी अडचण नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. दाब झटकन कमी झाला की सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे सुटतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी जीव जातो. (बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडा सोडा घ्या, तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या ओढा. बुडबुडे डोळ्यांदेखत उठतात. दोन रुपयांचा सोडा पुरतो, हे काही खरं नाही आता, पण प्रयोग स्वस्तच आहे.)

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली थांबत थांबत वर येण्याची पद्धत मांडली. आजचे नियम त्याच वाटेनं आलेले आहेत. मिनिटाला साधारण नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. खोल किंवा लांबलेल्या बुडीनंतर हे थांबे वाढतात.

पण उघड्या समुद्रात पाच मीटरवर ‘थांबायचं’ कसं? पायाखाली काही नाही, प्रवाह ओढतोय. इथे होडीचं काम सुरू होतं. वजन बांधलेला दोर बोयाला अडकवून खाली सोडतात. तो धरून पाणबुड्या वर येतो आणि ठरल्या खोलीवर थांबतो. प्रवाळावर नांगर टाकला तर प्रवाळ मोडतो, हा दोर ठेवण्याचा आणखी एक फायदा. त्याच दोराला पाच मीटरवर एक भरलेलं जादा नळकांडं टांगलेलं असतं. हवा संपत आली म्हणून थांबा चुकवायची पाळी येऊ नये.

प्रवाहानं दोर हुकलाच, तर पाणबुड्या बारीक दोरी बांधलेली लांबट, भडक नारिंगी पिशवी हवेनं फुगवून वर सोडतो. तांडेल ती पाहून अंतर राखत मागोमाग येतो. डोकी वर येताच इंजिनाची पाती थांबलेली हवीत. वर आलेली माणसं मोजायची, पुन्हा मोजायची. होडीवर शुद्ध ऑक्सिजन असतोच. त्रास वाटला की तो लगेच देतात, कारण त्यानं नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. पुढचा उपचार रुग्णालयातल्या दाबकक्षात.

होडीवर आलं तरी चढण संपत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. मालवणहून इकडे यायचं तर सह्याद्रीचा घाट चढावाच लागतो. आंबोलीचा माथा सातशे मीटरच्या आसपास. एका साध्या बुडीनंतर विमानात बसण्याआधी किमान बारा तास आणि सलग अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर अठरा तास थांबावं, असा पाणबुड्यांचा प्रघात आहे. सुमारे सहाशे मीटरच्या वर नेणाऱ्या रस्त्यालाही तो लागू धरतात. तेव्हा सहलीच्या कार्यक्रमात बुडी सकाळी आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी ठेवावी.