कापड आधी, चिन्ह नंतर

बियाणं आणि पोलादाच्या जालन्यात कंपनीचा गणवेश असो की गणेश मंडळाचा टी-शर्ट, चिन्ह छापण्याआधी कापड तपासाच. पॉलिस्टर असेल तर चिन्ह कागदावर उलटं छापून सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या हीट प्रेसखाली दाबतात. घन रंगाचा थेट वायू होतो, तापून सैलावलेल्या धाग्यात शिरतो आणि थंड होताच आतच अडकतो. म्हणून हात फिरवला तरी छपाई जाणवत नाही. किती सुंदर रसायन आहे हे! यात पांढरी शाई नसते, त्यामुळे कापड फिकटच हवं.

सुती धागा हा रंग धरत नाही. तिथे स्क्रीन प्रिंटिंगच बरं: प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंशांपर्यंत नीट तापली नाही, तर थोड्याच धुण्यांत चिन्हाला तडे जातात.