पिन बसली, पण बोलणं जुळेना

घरात नवी वस्तू आली की जुनीची वायर, पिन, चार्जर आपण टाकून देत नाही. सगळं एका पिशवीत जातं. आमच्या मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आठ-आठ दिवस मुलं घरात कोंडून असतात, तेव्हा ती पिशवी बाहेर निघते आणि तिच्यात व्हिडिओ गेमचा एखादा जुना रिमोट हमखास सापडतो. रिमोट हा मुलांचा शब्द. दुकानदार त्याला जॉयस्टिक म्हणतो आणि खोक्यावर कंट्रोलर असं छापलेलं असतं. मग पौडात आमच्याकडे कुणीतरी तो घेऊन येतं. ''चाचा, तुम्ही बी.ए. झालेले. खोक्यावरचं इंग्रजी वाचा आणि सांगा, हा नव्या गेमला चालेल का?''

प्रश्न पोरखेळ वाटेल. पण सोनीचा पीएस-५ हा गेम भारतात २०२१च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा त्याच्या एका जादा रिमोटची किंमत ५,९९० रुपये होती. पिरंगुटच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या माणसाच्या घरात हा आकडा पोरखेळ नसतो. आणि घरात दोन भावंडं असली तर दुसरा रिमोट लागतोच. नाहीतर खेळ टीव्हीवर न होता जमिनीवर होतो!

मी कविता लिहिणारा माणूस. यंत्राशी माझं नातं वाचकाचं. पण उत्तर शोधता शोधता या विषयाची मला गोडी लागली, कारण हा सगळा मामला शेवटी भाषेचाच निघाला.

नव्वदच्या दशकात पुण्याच्या तपकीर गल्लीत टीव्हीला जोडायचे गेम मिळत. 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'सामुराई' अशी त्यांची नावं. माझ्या धाकट्या भावांनी ईदीचे पैसे साठवून असा एक गेम आणला होता. त्यात कॅसेट घालायची आणि 'मारिओ' किंवा 'कॉन्ट्रा' खेळायचं. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या घराण्यातली ही सगळी मंडळी. त्याच काळात शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे यंत्रही आपल्याकडे विकायला आलं होतं. आता गंमत पाहा. यांतल्या पुष्कळ स्वस्त गेमच्या रिमोटची पिन नऊ काट्यांची असे आणि मेगा ड्राइव्हच्या रिमोटचीही पिन नऊ काट्यांचीच. एकाची पिन दुसऱ्यात अगदी ठाकठीक बसे. पण खेळ काही चालत नसे.

का चालत नसे? ही नऊ काट्यांची पिन गेमच्या दुनियेत रुजवली अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं, १९७७ साली. तिची पद्धत दारावरच्या बेलसारखी. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि गोळी, प्रत्येकाला स्वतंत्र तार. बटण दाबलं की ती तार जोडली जाते, यंत्राला कळतं. फॅमिकॉमच्या घराण्यानं वेगळी रीत धरली. तिथे आठ बटणांचा निरोप एकाच तारेवरून जातो. शाळेतली हजेरी आठवा. यंत्र आधी इशारा देतं, ''जसे आहात तसे थांबा.'' मग ते एकेक टिचकी मारत जातं आणि प्रत्येक टिचकीला एकेका बटणाचं उत्तर मिळतं: हजर की गैरहजर. क्रमही ठरलेला. आधी ए आणि बी, मग सिलेक्ट, स्टार्ट आणि शेवटी चार दिशा. ही हजेरी सेकंदाला पन्नास-साठ वेळा होते. रिमोटच्या पोटातली एक छोटी चिप हे काम करते.

मेगा ड्राइव्हनं अटारीसारख्या तारा ठेवल्या, पण बटणं जास्त असल्यामुळे त्याच तारांवरून आलटून पालटून दोन-दोन बटणांचे निरोप नेले. शिवाय वीज ज्या काट्यावरून येते तो काटाही दोघांचा वेगळा. म्हणजे पिन बसते म्हणून घुसवली तर वीज भलत्याच तारेत जायची. मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की बसते म्हणून लावू नका.

हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीतच लिहितात. पण 'शिक्षा' हा शब्द हिंदीवाला वाचतो तेव्हा त्याला शाळा दिसते आणि मराठी माणसाला छडी. अक्षरं तीच, अर्थ निराळा. त्या नऊ काट्यांचं तसंच होतं.

या गोंधळात सोनीनं एक शहाणपणाची गोष्ट केली होती. तिचा पहिला प्लेस्टेशन जपानात १९९४च्या डिसेंबरात आला आणि दुसरा, म्हणजे पीएस-२, मार्च २००० मध्ये. दोघांच्या रिमोटची पिनही तीच ठेवली आणि बोलीही. शिवाय इथे यंत्रानं विचारलं की रिमोट आधी आपली ओळख सांगतो, ''मी साधा बटणांचा'' किंवा ''मी काड्यांचा.'' ओळख पटली की बोलणं सुरू. त्यामुळे पहिल्याचा रिमोट दुसऱ्याला लावून पहिल्याचे खेळ निवांत खेळता येत, दुसऱ्याचेही बरेचसे चालत. अडे तिथे, जिथे खेळाला बटण किती जोरानं दाबलं हे जाणून घ्यायचं असे. ते सांगण्याची सोय पीएस-२च्या रिमोटमध्ये होती, जुन्यात नव्हती.

पीएस-२ जगभरात सुमारे १६ कोटी विकला गेला. त्याचं उत्पादन थांबलं ते २०१३च्या सुरुवातीला. आपल्याकडे तो इतका रुळला की २००९ साली त्याच्यासाठी 'देसी अड्डा' नावाचा खेळ निघाला. त्यात कबड्डी होती, पतंगाची काटाकाटीही होती. अंगणातली कबड्डी सोडून टीव्हीवर कबड्डी खेळायची ही कल्पना मला अजून पचलेली नाही, पण ते असो.

इथे एक कामाची गोष्ट सांगून टाकतो. जुना रिमोट चालत नाही याचं कारण दरवेळी भाषाच असतं असं नाही. पुष्कळ जुन्या रिमोटांत बटणाखाली रबराची गादी असते आणि तिच्या तळाला कार्बनचा काळा ठिपका. आमच्या दमट हवेत आणि मुलांच्या घामट बोटांनी तो मळतो. चार स्क्रू काढून कापसाला स्पिरिट लावून हलक्या हातानं पुसलं की मेलेला रिमोट कित्येकदा उठून बसतो. खूप घासू मात्र नये, काळा ठिपकाच निघून येतो.

पुढे २००६ साली पीएस-३ आला आणि तारेची जागा ब्लूटूथनं घेतली. जुनी पिन गेली ती गेलीच. बिनतारी रिमोटला आपलं यंत्र कोणतं हे एकदा सांगावं लागतं. पीएस-३चा रिमोट त्यासाठी आधी केबलनं जोडतात, तेव्हा यंत्र आपला पत्ता त्याच्यात नोंदवून ठेवतं. २०१३ साली पीएस-४ आला. त्यानं पीएस-३चा रिमोट ओळखलाच नाही.

आणि इथून प्रश्नाचं रूप बदललं. पीएस-५ला पीएस-४चा रिमोट जोडता येतो. तो जोडला जातो, दिवा लागतो, पीएस-४चे जुने खेळ त्याच्यावर उत्तम चालतात. पण पीएस-५साठी काढलेला खेळ लावला की यंत्र सांगतं, हा रिमोट चालणार नाही. पिन, वीज, भाषा, सगळं जुळलेलं असतं. अडते ती परवानगी. कंपनीचं म्हणणं असं की नव्या रिमोटात घोडा दाबताना बोटाला ताण जाणवतो, बारीक थरथर होते, आणि नव्या खेळांनी त्याचा उपयोग करावा. म्हणणं खोटं नाही. पण एकच खेळ दोन्ही यंत्रांसाठी निघतो, तेव्हा त्याची पीएस-४ची आवृत्ती जुना रिमोट घेते आणि पीएस-५ची घेत नाही. या ठिकाणी मला कंपनीचा युक्तिवाद लंगडा वाटतो.

मायक्रोसॉफ्टनं उलटं केलं. २०१३च्या एक्सबॉक्स वनचे रिमोट २०२०च्या नव्या एक्सबॉक्सला नव्या खेळांसकट चालतात. त्याबद्दल शाबासकी द्यावी, तोच २०२३च्या नोव्हेंबरात या कंपनीनं मान्यता नसलेल्या, इतरांनी बनवलेल्या जोडण्यांना यंत्राचं दार बंद केलं. आदल्या दिवसापर्यंत चालणारी वस्तू दुसऱ्या दिवशी नुसता एक आकडा दाखवून नाही म्हणू लागली. निन्टेंडोचं २०२५चं स्विच-२ आणखी मजेशीर. जुन्या स्विचचे रिमोट त्याच्या कडेला बसतच नाहीत, पण बिनतारी बोलणं मात्र जुळतं. आमच्या नऊ काट्यांच्या पिनेची ही अगदी उलटी गोष्ट.

हे सगळं कुणाच्या जिवाला लागतं ते सांगतो. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, तेरा वर्षांचा. जन्मापासून त्याचा उजवा हात पुरता उघडत नाही. वडील वेल्डिंगचं काम करतात. त्यांनी पीएस-४च्या रिमोटला एम-सील लावून बटणं मोठी केली, एका काडीवर उंच टोपी बसवली आणि रिमोट लाकडी पाटावर पक्का केला. पोरगा डाव्या हातानं आणि उजव्या मनगटानं असा काही खेळतो की धडधाकट पोरं हरतात. मामानं मोठ्या प्रेमानं पीएस-५ आणला. त्याच्याबरोबरचा रिमोट या मुलाच्या हातात धरवत नाही. आणि हातात बसणारा रिमोट नव्या खेळांना चालत नाही. इतरांना रिमोट बदलता येतो, याला हात बदलता येत नाही.

अशा मुलांसाठी मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली एक खास रिमोट काढला. त्याच्या पाठीला साडेतीन मिलिमीटरची १९ भोकं आहेत. साडेतीन मिलिमीटर म्हणजे आपल्या रेडिओला इअरफोन लावतो तीच पिन! त्या प्रत्येक भोकात एक बटण जोडता येतं आणि ते बटण काय असावं याची सक्ती नाही. पायानं दाबायचं, कोपरानं ढकलायचं, हनुवटीनं टेकायचं. दोन तारा जोडल्या गेल्या की झालं. म्हणजे पुन्हा अटारीची, दारावरच्या बेलची पद्धत. सोनीनंही २०२३ साली पीएस-५साठी असा रिमोट काढला. त्याला अशी चार भोकं आहेत. मी मुलाच्या वडिलांना हे समजावलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ''म्हणजे बटण मी बनवू शकतो?'' बनवू शकतात. सोनीचा तो रिमोट अजून घरात आलेला नाही, त्यासाठी पैसे जमवणं चाललंय. तोवर पोरगा नव्या यंत्रावर पीएस-४चेच खेळ पाटावरच्या रिमोटनं खेळतो.

बाकीच्यांसाठी एक रस्ता मोकळा आहे. नवा गेम ज्याला नको म्हणतो तो रिमोट संगणक आणि मोबाइल बहुधा आनंदानं घेतात. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १०पासून पीएस-४चा रिमोट ब्लूटूथनं फोनला जोडता येतो, त्याच वर्षापासून आयफोनलाही. त्याहून जुन्या, पिनेच्या रिमोटसाठी अडॅप्टर मिळतात. अडॅप्टर म्हणजे दुभाषी. आतली चिप रिमोटशी जुन्या बोलीत बोलते आणि तेच संगणकाला यूएसबीच्या बोलीत सांगते. फक्त हा दुभाषी एकाच दिशेनं बोलतो. पीएस-२चा रिमोट संगणकाला जोडणारा अडॅप्टर संगणकाचा रिमोट पीएस-२ला जोडून देत नाही. म्हणून दुकानात नुसतं ''पीएस-२चा अडॅप्टर द्या'' म्हणू नका. कुठला रिमोट कुठल्या यंत्राला लावायचाय ते सांगा, रिमोट बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी तिथेच एकेक बटण दाबून बघा. दोन्ही काड्याही गोल फिरवून बघा.