तळघरातलं टॉकीज

अमेरिकेतल्या मराठी घराचं बेसमेंट म्हणजे गणपतीचं मखर, चकलीचा सोऱ्या, बर्फातले बूट आणि कुणीतरी भारतातून आणून ठेवलेल्या रिकाम्या बॅगा. मुलं कॉलेजला गेली की घरच्यांना त्या जागेत होम थिएटर दिसू लागतं. मग सेलमध्ये प्रोजेक्टर येतो, पाच-सात स्पीकर येतात, आणि पहिल्याच सिनेमाला संवाद कळेनात म्हणून सबटायटल लावावी लागतात. शिव्या स्पीकरला बसतात. दोष बहुतेक वेळा भिंतींचा असतो.

काँक्रीटवर आदळलेला आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशी उघडी खोली धरली, तर एक टाळी विरायला तीन सेकंद सहज लागतात. तोवर नायिकेची पुढची दोन वाक्यं बोलून झालेली असतात. मंगल कार्यालयात माईकवरून आहेर कुणाचा पुकारला ते कळत नाही, त्याचं कारणही हेच.

यावर उपाय म्हणजे आवाज शोषणारं मऊ सामान, आणि ते भंगारातून आणणं हा काही गरिबीतला जुगाड नव्हे. हे शास्त्रच तसं सुरू झालं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की प्राध्यापकाचा शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत राही. वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर ते दुरुस्त करायचं काम आलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबवून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचं, आणखी गाद्या टाकायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळी गाद्या जागच्या जागी. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: मीटरच्या मापात, घुमण्याचे सेकंद म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. बोस्टनचा १९०० साली उघडलेला सिम्फनी हॉल याच हिशेबावर उभा राहिला.

तेच सूत्र आपल्या खोलीला लावू. घुमणं ०.४ सेकंदांवर आणायचं तर २३ चौरस मीटर इतकं शोषण हवं. सोफा, जाड गालिचा आणि बसलेली माणसं मिळून त्याचा तिसरा हिस्सा उचलतात असं धरलं, तर उरलेल्यासाठी दोन फूट बाय चार फुटांची आवाज शोषणारी वीसेक पॅनेल पुरतात. नवी घेतली तर प्रोजेक्टरइतकाच खर्च होईल. पण कार्यालयं आवरली जातात तेव्हा क्युबिकलच्या कापडी पार्टिशनचे ढीग बाहेर पडतात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या रीस्टोअर दुकानांत दान आलेलं बांधकाम सामान स्वस्तात मिळतं, तिथेही नजर ठेवावी.

पार्टिशन घेताना बोटानं दाबून पाहायचं. आत फायबरग्लास असेल तर ते किंचित दबतं आणि परत वर येतं. पुठ्ठ्याची जाळी असेल तर पोकळ टकटक ऐकू येते. ते तिथेच सोडून द्या. घरी आणल्यावर कडेची पट्टी उचकटून कळकट कापड काढायचं, आतला पिवळा तक्ता लाकडी चौकटीत बसवायचा. हातमोजे आणि मास्क घालूनच हे करावं, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं. वरून कोणतंही झिरझिरीत कापड चालतं. तोंडाशी धरून फुंकर मारायची. हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. आईच्या धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या या परीक्षेत पहिल्या येतात. भरजरी पैठणी नापास होते, आणि ते बरंच आहे.

पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच जागा सोडा. शोषण आणखी खालच्या सुरांपर्यंत पोचतं आणि थंड भिंतीवरची ओल कापडाला लागत नाही. बेसमेंटला मुळात ओल येत असेल तर आधी ती थांबवा, कारण बुरशी लागलेलं पॅनेल फेकण्याच्याच लायकीचं. जागा ठरवायला आरसा पुरतो. तुम्ही सोफ्यावर बसा, घरातल्या कुणालातरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. जिथे स्पीकर दिसेल तिथे पहिलं पॅनेल. खर्जाच्या आवाजाला मात्र पातळ पॅनेल दाद देत नाही. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. तिच्यासाठी कोपऱ्यांत इन्सुलेशनचे जाड गठ्ठे छतापर्यंत रचावे लागतात.

एवढं करूनही वरच्या मजल्यावर झोपलेल्या सासूबाईंना सिनेमा ऐकू येणारच. खोलीतलं घुमणं कमी करणं वेगळं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं वेगळं. अंड्यांचे ट्रे यातलं दुसरं काम अजिबात करत नाहीत आणि पहिलंही जेमतेमच करतात. आवाज अडतो तो वजनानं आणि फटी बुजवल्यानं. छताला ड्रायवॉलचे दोन थर, दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी, आणि पोकळ दाराऐवजी कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीतलं जुनं भरीव दार. भंगारातली सगळ्यात किफायतशीर खरेदी कोणती असं विचाराल, तर मी या दाराचं नाव घेईन.

आता फुकट मिळालं तरी घेऊ नये असं. १९८०च्या आधीच्या इमारतींतल्या छताच्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय त्या तोडू नका, कापू नका, घरातही आणू नका. दुसरा शत्रू म्हणजे पॅकिंगचा किंवा जुन्या गादीचा फोम. २० फेब्रुवारी २००३ रोजी ऱ्होड आयलंडमधल्या द स्टेशन नावाच्या नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीची ठिणगी भिंतीवर आवाजासाठी लावलेल्या पॉलियुरेथेन फोमला लागली. काही मिनिटांत सगळीकडे आग आणि काळा धूर झाला. १०० माणसं गेली. बेसमेंटमध्ये तर फर्नेस आणि गरम पाण्याची टाकी शेजारीच असते आणि बाहेर पडायच्या वाटा मोजक्या. सुती साडीही पेट घेते, तेव्हा ती पॅनेलं त्या दोघांपासून चांगली लांब हवीत. फर्नेसची हवा कोंडू नका. अंधार हवा म्हणून सुटकेची खिडकी कायमची बंद करण्याचा मोह होतो. तिथे सरकणारा पडदा लावा.

आणि प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी घ्या. आधी भिंती, कोपरे, दार आणि स्मोक अलार्म. तोवर जुन्या टीव्हीवर सिनेमा बघा. नुसत्या पॅनेलांनी संवाद किती सुधारले ते पाहून कदाचित नवे स्पीकर घ्यायचा बेतच रद्द कराल.