साडेसात किलोच्या आसपास

नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं घोडेगाव शुक्रवारी म्हशींच्या बाजाराने गजबजतं. अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की तिथला गलबलाही काही कमी नसतो. सेविकाताई आधी काटा शून्यावर आणतात. मग पोराचं स्वेटर, टोपी, पायातले वाळेसुद्धा उतरवायला लावतात. आया कुरकुरतात, पण ताईंचंच बरोबर आहे, कारण इथे शंभर-दोनशे ग्रॅमवर निकाल फिरतो.

वर्षाचा मुलगा. काटा ७.६ वर थांबला आणि आलेखावरचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडला: मध्यम कमी वजन. ७.८ भरला असता तर हिरव्यात गेला असता.

हिरव्या-पिवळ्यामधली ही ७.७ ची रेषा आली जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांतून. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली, नीट खाऊपिऊ घातलेली निरोगी मुलं मोजून ती ठरवली. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो. सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करा, रेषा मिळेल, असं पुस्तक सांगतं. वजन मात्र इतकं सरळ वागत नाही. खाली उतरताना पायऱ्या ८.६, ७.७, ६.९ अशा आखूड होत जातात. वर चढताना १०.८, १२.० अशा लांब. जड बाजूचं शेपूट लांब असतं, म्हणून तक्ते करताना तो कल आधी गणिताने काढून घेतलेला आहे.

निरोगी मुलांतही या वजा दोन विचलनांच्या रेषेखाली शंभरात दोन-सव्वादोन मुलं असतातच. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं त्या रेषेखाली आहेत, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. वजनांच्या घंटेसारख्या वक्राचा पसारा मानकांइतकाच धरला, तर त्याचा मध्यच दीड विचलनाहून जास्त खाली सरकलेला निघतो. या हिशेबाने आपलं वर्षाचं मधलं पोरच आठ किलोच्या आसपास येतं. नुसती टोकाची मुलं मागे पडलेली नाहीत, सगळा घोळकाच मागे आहे, आणि मला हे फार लागतं.

म्हणून ७.८ वाल्याच्या आईला ताई लगेच जाऊ देत नाहीत. मागच्या महिन्यांचे ठिपके जोडून बघतात. रेघ आडवी पडली असेल, तर ठिपका हिरव्यात असूनही त्या विचारतात, "अंगावरच पाजतेस का अजून? वरचं काय देतेस, दिवसातून किती वेळा?"