ट्रॉलीतलं पाणी आणि बायकांचा हिशेब

रामनवमी जवळ आली की आमच्याकडे घरोघरी एकच विषय निघतो, शेगावला पायी जायचा. बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून खामगाव आणि तिथून शेगाव. दिंडीच्या मागे ट्रॅक्टरची ट्रॉली असते. वर ताडपत्री, आत गॅसची शेगडी, पातेली, तांदूळ-डाळ, अंथरूण-पांघरूण. तीन दिवसांचं चाकांवरचं घरच म्हणा ना! या घरात सगळं आठवणीनं भरलं जातं. चुकतो तो फक्त पाण्याचा हिशेब.

२०१९ च्या रामनवमीची गोष्ट. आम्ही चाळीस जण होतो, त्यात निम्म्याहून जास्त बायका. निघायच्या आधी पुरुष मंडळींनी हिशेब केला, "माणशी तीन लिटर, म्हणजे एकशेवीस. दोनशे लिटरचा ड्रम घेतला की झालं!" आम्हीही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाचा नुसता जाळ होता. आमच्यातल्या एक मावशी चालता चालता मटकन खाली बसल्या. ओठ कोरडे, हातापायांना गोळे. जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायल्या?" मावशी गप्प. मी जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाई, पाणी पेलं तं मंग जाचं कुठी? अन् आडोशाले गेलं तरी धुवाले पाणी आहे का?"

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. कारण सकाळपासून मीही दोनच घोट प्याले होते. नंतर विचारलं तर जवळजवळ सगळ्याच बायकांचं तेच. उन्हात घाम गाळायचा आणि पाणी टाळायचं, म्हणजे उन्हाळी लागणं, चक्कर, लघवीचा संसर्ग यांना आपणच आवतण द्यायचं. ड्रमात पाणी होतं, पण ते 'पिण्याचं' होतं. बाईला लागणारं बाकीचं पाणी कुणी धरलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही!

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण. खामगावच्या पुढे गेलं की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि आपल्या जिल्ह्यातले शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर हे तालुके त्यात येतात. या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत जमिनीतलं पाणी खारं. वान धरणाच्या योजनेतून काही भागाला गोडं पाणी मिळतं, पण रस्त्यावरच्या हातपंपाचं काय? त्या वर्षी आमचा ड्रम दुपारीच संपला आणि हातपंपावर भरून घेतला. संध्याकाळी डाळ काही केल्या शिजेना. लक्षात ठेवा, खारं पाणी उकळून गोडं होत नाही, उलट क्षार अजून दाट होतात. क्लोरीनच्या थेंबांनी जंतू मरतात, खारेपणा जात नाही. म्हणून गोडं पाणी सोबत न्यायचं आणि जरा जास्तीचंच न्यायचं.

पुढच्या खेपेपासून हिशेब आम्ही बायकांनी हातात घेतला. पिण्याचं माणशी पाच लिटर. स्वयंपाक आणि चहाला दोन. भांडी, हात-तोंड धुवायला दोन. आणि 'बाहेर' जायला तीन. झाले बारा! चाळीस माणसांचं रोजचं चारशे ऐंशी लिटर. अंघोळ मुक्कामाच्या गावात. म्हणून आता पाचशे लिटरची टाकी घेतो आणि रोज रात्री गोडं पाणी मिळेल तिथे भरून घेतो. शिवाय वीस लिटरचे दोन कॅन राखीव. त्यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही, किल्ली आजीबाईंच्या कनवटीला!

पाचशे लिटर म्हणजे पाच क्विंटल वजन. दोन चाकी ट्रॉलीत टाकी मागच्या टोकाला ठेवली तर ट्रॉलीचा पुढचा भाग उचलला जातो. ती चाकांच्या कण्यावर, जराशी पुढच्या अंगाला ठेवायची आणि दोराने घट्ट बांधायची. घाटात अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळतं, म्हणून घाट लागण्याआधी टाकी भरून घ्यावी, चालकाला तसं सांगून ठेवावं.

टाकी, ड्रम घेताना आधी काय भरलं होतं ते विचारा. आपला कापसाचा मुलूख, फवारणीच्या औषधाचे डबे घरोघरी असतात. असला डबा सातदा धुतला तरी पाण्याला वापरू नये. ड्रम आतून घासून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने विसळायचा. तोंडाला झाकण, खाली तोटी. पेला बुडवायचा नाहीच! वरून ओलं गोणपाट टाकलं की पाणी गार राहतं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. शंका असेल तर क्लोरीनचे थेंब टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढेच.

जलसंजीवनी करताना एक लिटर गोडं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खारं पाणी यात चालत नाही. ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारावं.

आणि आमची सगळ्यात मोठी सोय? चार बांबू, जुन्या साड्यांचा आडोसा, एक बादली, साबण आणि कागदात गुंडाळलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा. खर्च नाहीच्या बरोबर. २०२२ साली राज्य महिला आयोगाने आषाढी वारीत 'आरोग्य वारी' सुरू केली, बायकांसाठी स्वच्छतागृहं आणि सॅनिटरी नॅपकिनची सोय केली. पण आपल्या छोट्या दिंडीपर्यंत कोण येणार? ते आपणच करायचं. आडोसा झाला त्या वर्षी त्याच मावशी तोटीखाली तांब्या धरून म्हणाल्या, "आता पेतो वं माय, पोटभर पेतो!"

महाराजांची अकोलीची कथा आपल्याला पाठ आहे. उन्हात पाणी मागितलं, भास्कराने नाही म्हटलं आणि कोरड्या विहिरीला पाणी लागलं. आपल्याला चमत्कार नाही करता यायचा, पण ड्रम मोठा घेता येतो. यंदा दिंडीची बैठक बसली की चहा देऊन आत जाऊ नका. तिथेच बसा आणि विचारा, "पाण्याचा हिशेब कोणी केला? आमचं पाणी धरलं का त्यात?"