साल, सुया आणि नरक्या

झाडापासून औषधापर्यंत : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण सदाफुलीतून मिळालेल्या व्हिन्क्रिस्टिनची माहिती घेतली. त्यानंतर विचारणा झाली ती अन्ननलिकेच्या कॅन्सरबद्दल, आणि ती ज्या शब्दांत झाली ते शब्द या आजाराच्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतात : ‘‘बाबांना केमो झेपायची नाही हो, त्यापेक्षा एखादं झाडपाल्याचं औषध नाही का?’’ औषध आहे. ते केमोच्या वॉर्डातच मिळते, सलाइनमधून. त्याचे नाव पॅक्लिटॅक्सेल, आणि त्याचा उगम एका झाडाच्या सालीत आहे.

आधी आजाराविषयी थोडे. २०२२ साली जगात या कॅन्सरचे ५ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने दगावली. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, कारण निदान उशिरा होते. अन्ननलिका लवचीक असते, बरीच चोंदेपर्यंत ती घास उतरू देते. भाकरी अडकू लागते तोवर गाठ पुष्कळदा पसरलेली असते. पाश्चात्त्य देशांत नळीच्या खालच्या टोकाशी होणारा, आम्ल वर येण्याच्या जुन्या त्रासाशी जोडलेला अ‍ॅडिनोकार्सिनोमा वाढतो आहे. आपल्याकडे बहुतेकांना होतो तो स्क्वेमस प्रकार. तो नळीच्या आतल्या अस्तराचा असतो आणि तंबाखू व दारू ही त्याची मोठी कारणे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो कामी येईल.

ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. तिथली राष्ट्रीय कर्करोग संस्था त्या काळात हजारो वनस्पतींचे अर्क कॅन्सरवर तपासून पाहत होती. ही साल गेली नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे. वाणी मूळचे नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण, मग अमेरिकेत पीएचडी. जगातल्या लाखो रुग्णांच्या शिरेतून गेलेल्या औषधाची रचना उलगडणारा माणूस खानदेशातला होता, हे आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

वॉल आणि वाणी यांना १२ किलो वाळलेल्या सालीतून मिळाला तो अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. पदार्थ पेशी मारतो हे दिसत होते, कसा मारतो हे मात्र कळले १९७९ मध्ये, न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांच्या कामामुळे. पेशीला विभागताना अतिसूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभारावा लागतो आणि काम होताच तो मोडावा लागतो. लग्नाच्या मांडवाच्या गाठी कायमच्या आवळून टाकल्या तर पुढच्या कार्यासाठी ते बांबू सुटणारच नाहीत. पॅक्लिटॅक्सेल त्या नलिकांचे तसेच करते. उभारलेला सांगाडा मोडता येत नाही, पेशी विभागणीच्या मध्येच अडकते आणि मरते. सतत विभागत राहणाऱ्या गाठीला हा फटका सर्वांत जास्त बसतो. केसांच्या मुळांनाही तो बसतो, म्हणून केस गळतात. त्याच नलिका नसांच्या तंतूंमध्येही असतात, म्हणून हातापायांना मुंग्या येतात.

पुढची अडचण अशी की हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. तो विरघळवण्यासाठी एरंडेलापासून बनवलेले एक द्रावण वापरावे लागले. काही रुग्णांना त्या द्रावणाचीच तीव्र अ‍ॅलर्जी येते. त्यामुळे या केमोच्या आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन देतात. ‘आधीच इतकी इंजेक्शने कशाला?’ असे नातेवाईक विचारतात, त्याचे हे कारण.

साल काढली की झाड मरते. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेत बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी या औषधाला मान्यता मिळाली, तोवर औषधासाठी जंगल किती तोडायचे हा वाद तिथे पेटला होता. वाट काढली ती फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांनी. त्यांनी युरोपातल्या यूची साल न घेता सुईसारखी पाने घेतली. पाने खुडली तर झाड जगते, पुन्हा पालवते. पानांतून एक अर्धा तयार रेणू मिळतो आणि उरलेले काम प्रयोगशाळेत पुरे करता येते. याच वाटेने डोसिटॅक्सेल हे भावंड जन्माला आले आणि आज तेही अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये वापरले जाते. पुढे बायोरिअ‍ॅक्टरमध्ये यूच्या पेशी वाढवून पॅक्लिटॅक्सेल काढणेही जमले. हिमालयातला आपला यू, ज्याला तिकडे थुनेर म्हणतात, तो मात्र तोडीमुळे धोक्यातल्या प्रजातींत जाऊन बसला आहे.

आता अन्ननलिकेकडे येऊ. नेदरलँड्समध्ये क्रॉस नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ३६६ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाची थेट शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला आधी पाच आठवडे, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन दिले, जोडीला रेडिएशन, आणि मग शस्त्रक्रिया. पहिल्या गटाचे मध्यम आयुर्मान २४ महिने निघाले, दुसऱ्याचे ४९ महिन्यांहून थोडे अधिक. स्क्वेमस प्रकाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. आपल्याकडचा प्रकार हाच, म्हणून हा आकडा आपल्यासाठी मोलाचा. याचे सगळे श्रेय सालीला देता येणार नाही. कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग आहे, आणि रेडिएशन नसते तर हे घडले नसते. झाडाचा रेणू इथे तिघांतला एक आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घाटमाथ्यावरची. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले होते. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात असल्याचे दाखवले. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यातले हे झाड. फुलोऱ्याला असा दर्प की माणूस नाक दाबून पुढे जातो. आणि त्याच्या खोडात, मुळांत जगाला हवे असलेले औषध.

माणसांवर मात्र पहिला प्रयत्न फसला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्प्टोथेसिन विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात दिले गेले. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घसरल्या, चाचण्या थांबवाव्या लागल्या. ज्यांना नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे वाटते, त्यांनी एवढा प्रसंग लक्षात ठेवावा. तो पदार्थ पूर्णपणे नैसर्गिक होता. १९८५ मध्ये त्याची करणी उलगडली. डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी एक विकर त्याचा एक धागा क्षणभर कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन ते जोडणेच रोखून धरते. जपानमध्ये या रेणूत फेरबदल करून इरिनोटेकॅन तयार झाले. अन्ननलिकेचा कॅन्सर पहिल्या औषधांना दाद देईनासा झाला की हाताशी असलेल्या पर्यायांत ते एक आहे. त्याने जुलाबांचा त्रास होतो, पण तो आटोक्यात ठेवता येतो. इरिनोटेकॅनसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन अजूनही झाडांतूनच काढतात. त्यामुळे सह्याद्रीत नरक्याची बेकायदा तोड होते आणि बुंधे, मुळ्या चोरून बाहेर जातात. याची लागवड का वाढत नाही, हे वनखात्याला आणि आपल्या कृषी विद्यापीठांना विचारायला हवे.

आणि हळद? सांगलीच्या पेठेतून येणाऱ्या त्या पिवळ्या भुकटीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत अन्ननलिकेच्या कॅन्सरपेशी मारते, हे खरे आहे. पण बशीत ते थेट पेशींवर ओतलेले असते. माणसांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन तोंडावाटे देऊन पाहिले, तर रक्तात त्याचा जेमतेम माग लागला. आतडे ते फारसे शोषत नाही, शोषलेले यकृत लगेच बदलून टाकते. चीनच्या हनान प्रांतात, जिथे अन्ननलिकेच्या कॅन्सरचे प्रमाण अतोनात आहे, तिथे डोंगलिंगचाओ नावाची वनस्पती घशाच्या तक्रारींवर वापरतात. तिच्यातल्या ओरिडोनिनवर भरपूर अभ्यास झाला आहे, पण तोही मुख्यतः पेशींवर आणि उंदरांवर. चीनमध्येच कॅन्सरपूर्व बदल झालेल्या ७५ जणांना सहा महिने स्ट्रॉबेरीची भुकटी दिली गेली. रोज ६० ग्रॅम घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांत बदल सौम्य झाले. मात्र भुकटी न घेणारा गट तुलनेला नव्हताच, त्यामुळे याला आशादायक म्हणता येईल, सिद्ध म्हणता येणार नाही. हे संशोधन थांबू नये असेच मला वाटते. फक्त बशीतल्या निकालावर कोणी आपल्या वडिलांचा उपचार बेतू नये.

केमो चालू असताना गुपचूप दिलेला काढा हा वेगळाच धोका आहे. पाश्चात्त्य देशांत नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकॅनबरोबर दिल्यावर औषधाच्या सक्रिय रूपाची रक्तातली मात्रा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. उलटही घडू शकते. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पायपेरीन घालतात, आणि ते यकृतातल्या औषधे फोडणाऱ्या एका विकराला आवर घालते. केमोच्या मात्रेत उपकार आणि अपकार यांच्यातली जागा अरुंद असते. ती जागा बाहेरून कोणी हलवत असेल, तर ते डॉक्टरांना ठाऊक हवे. रोजच्या फोडणीतल्या चिमूटभर हळदीची मात्र भीती नको.

घास अडकण्याची तक्रार दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत थांबू नका, दुर्बिणीने तपासणी करून घ्या. आणि घरात कोणाची केमो चालू असेल व सोबत काढा, भस्म किंवा कॅप्सूल सुरू असेल, तर पुढच्या खेपेला ती बाटली पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.