ऊन पडले तरी पाणी चढते!



पावसाळ्यातली गोष्ट. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या एका मळीत मी गेलो होतो. लख्ख ऊन पडलेले. मालक म्हणाले, "साहेब, पाऊस उघडलाय. आता मोटार कशाला काढायची?" मलाही ते पटले. तिसऱ्या दिवशी मोटार, स्टार्टर, पाइप सगळे पाण्याखाली! आम्ही दोघेही आभाळाकडे बघत बसलो. बघायला हवे होते नदीच्या उगमाकडे आणि संगमाकडे.

आपली पंचगंगा घाटमाथ्याच्या पावसावर चालते. राधानगरीकडून भोगावती, धामोडकडून तुळशी, गगनबावड्याकडून कुंभी आणि शाहूवाडी-पन्हाळ्याकडून कासारी येते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नदी पंचगंगा म्हणवते. म्हणजे शिरोळात ऊन असले तरी गगनबावड्यात धो धो पाऊस चालू असू शकतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीवर गेले की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत.

हे झाले वरचे. आता खालचे बघा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तिथे येते ती कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा पोटात घेऊन. ती तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते तटते, मागे फुगते आणि ओढ्यानाल्यांतून उलटे शिवारात शिरते. यालाच आपण फूग म्हणतो. म्हणून पूर चढतो झपाट्याने, उतरताना मात्र दिवसेंदिवस रेंगाळतो.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पण तुमच्या मळीत पाणी किती फुटांना शिरते, हे कागदात सापडणार नाही. यंदा ते लिहून ठेवा आणि मोटारीजवळच्या झाडावर रंगाने खूण करा. पुढच्या वर्षी त्या आकड्याच्या दोन-तीन फूट आधीच मोटार काढा, जनावरे हलवा.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींनाही विनंती. पावसाळ्यात चावडीच्या फळ्यावर रोज तीन गोष्टी लिहा : घाटमाथ्याचा पाऊस, राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी. खडूचा एक तुकडा लागेल, पण गावातल्या कितीतरी मोटारी वाचतील.